दोन बोटांची गिटार

मी भांडकुदळ आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी तोंड वाकडं करायला नको. नवापूरच्या एका पोल्ट्रीत सहा वर्षं मी ट्रेमध्ये अंडी भरतेय. तिथला सुपरवायझरसुद्धा माझ्याशी बोलायच्या आधी मी कुठल्या मूडमध्ये आहे ते बघून घेतो. त्यामुळे हेमराजच्या दुकानात त्या सोमवारी जे झालं, त्यात आवाज पहिला मीच चढवला होता.

दुकान बाजारपेठेत आहे. समोर ढोल, ताशे, बँडवाल्यांचे कर्णे, आणि आत मागच्या भिंतीवर गिटारी टांगलेल्या. मला गिटार घ्यायची होती, आणि ती शनिवारच्या आत. नवापूरच्या बाहेर एक निवासी शाळा आहे, तिथं मुलांना संगीत शिकवायला बाई हवी होती, चाचणी शनिवारी. डिग्रीची अट नव्हती. गिटार वाजवून दाखवायची, मग चार मुलांना शिकवून दाखवायची, बस्स! ही जाहिरात पाहिली तेव्हा मी पोल्ट्रीत सगळ्यांसमोर नाचले होते. कारण आमच्या पाड्यावर गिटार म्हणजे माझा बा, योहान, आणि बाच्या नंतर मी, प्रिस्किला. चौदाव्या वर्षापासून रविवारच्या उपासनेत मी वाजवतेय. विसरवाडीच्या कन्व्हेन्शनला, म्हणजे ख्रिस्ती मेळाव्याला, आमचा गट उभा राहिला की मागची माणसं पुढं येऊन बसतात. अंड्यांच्या वासातून सुटायचं असेल तर हीच वाट होती, आणि ही वाट माझीच आहे अशी माझी पक्की खात्री होती.

मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चची, गिटार आहे, पण ती मंडळीची. नोकरीला जायचं तर स्वतःची हवी. हेमराज माझ्याच वयाचा, बोली अहिराणी, बोलायला गोड. त्यानं आधीच सांगितलं, "ताई, तीन हजारनी लेशात ते सहा महिनामा तिनी मान वाकी जाई. आनि तीस हजारनी तुम्हले काय करनी शे? मधली ल्या." मलाही मधलीच परवडणार होती. त्यानं तीन काढल्या. वरची फळी एकसंध लाकडाची आहे की प्लायची, ते आवाजाच्या भोकातून कडा बघून कसं ओळखायचं ते दाखवलं. तारा मानेपासून फार उंच असल्या तर बोटं दुखतात, फार खाली असल्या तर खरखर करतात, तेही दाखवलं. त्यातली एक खांद्याशी कापलेली होती, लालसर, चकचकीत. माझा जीव तिच्यावरच जडला.

मी ती मांडीवर घेतली आणि मोकळ्या तारांवरून हात फिरवला.

"ही बेसूर आहे," मी म्हटलं.

हेमराजनं दुसरी दिली. तीही तशीच. तिसरी, तीही तशीच! मी म्हटलं, "काय हो, गिऱ्हाईक येणार माहीत असून तुम्ही गिटारी अशाच टांगून ठेवता? एक धड लावलेली नाही."

"ताई, सकाळमाच लायेल शेत." त्यानं गिटारच्या डोक्याला ट्यूनरचा चिमटा लावला, एकेक तार छेडली. सहाच्या सहा वेळा हिरवा दिवा.

"मग तुमचा ट्यूनरही बिघडलाय."

आता बघा, दुकानात आणखी दोघं उभे होते, ते हसले. माझं डोकंच फिरलं. आदिवासी बाई आली, हिला काय कळतंय, असंच वाटलं असणार यांना! मी म्हटलं, "द्या इकडं, मी लावून दाखवते." पहिली तार थोडी उतरवली, पाचवी उतरवली, सहावी उतरवली. मोकळ्या तारा छेडल्या. लागला! आमचा सूर लागला, घरचा, रविवारचा. मग मी वाजवायला लागले, आणि बाहेर रस्त्यावरून चाललेला एक माणूस पायरीवर थांबला. ते दोघं हसणारे गप्प झाले. हेमराज डोळे मिटून ऐकत होता. मी मनात म्हटलं, घ्या आता.

गाणं संपलं तसं हेमराजनं डोळे उघडले. "एक नंबर, ताई," तो म्हणाला. मग त्याची नजर माझ्या डाव्या हातावर गेली, आणि त्याचा चेहराच बदलला.

"ताई, राग नका धरू. तुम्हना बोटंसले काय व्हयनं?"

"काय होणार? काही नाही."

"मंग दुमडी का ठेवेल शेत?"

मी खाली पाहिलं. गिटारच्या मानेवर माझी दोन बोटं होती, पहिलं आणि मधलं. उरलेली दोन, अनामिका आणि करंगळी, तळहातात घट्ट दुमडलेली.

मला वाटलं, हा पण चेष्टा करतोय. दोन वर्षांपूर्वी कन्व्हेन्शनमध्ये सुरतेकडचा एक पोरगा आमच्या गटाच्या हातांकडे बोट दाखवून हसला होता, तेव्हा मी त्याची कॉलर धरली होती. पण हेमराज हसत नव्हता. त्यानं दुसरी गिटार घेतली, न उतरवलेली, आणि हळूहळू तीन कॉर्ड, म्हणजे सुरांचे जुडगे, धरून दाखवले. त्याची चारही बोटं मानेवर होती. प्रत्येक वेळी वेगळी ठेवण. आणि त्या बेसूर गिटारीतून सूर निघाला, स्वच्छ.

"सगळी दुनिया अशीच लावस, ताई. तुम्ही लायनात ते बी सुंदर शे. पण ते तुम्हनंच शे. कोनी शिकाडं तुम्हले?"

मी बोटं उघडायला गेले. अनामिका उघडली, करंगळी अर्ध्यावर येऊन थरथरायला लागली. मी हात उलटा करून बोटांची टोकं पाहिली. पहिल्या दोन बोटांना घट्टे पडलेले, दगडासारखे. दुसरी दोन मऊ. अगदी मऊ! पंधरा-वीस वर्षं गिटार वाजवणाऱ्या हाताची ती बोटं नव्हतीच.

अरे देवा! माझ्या बाच्या डाव्या हाताला ती दोन बोटं नाहीत.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. जन्मापासून माहीत होतं. बा विशीत असताना तापीकाठच्या एका शेतावर कामाला होता, तिथं कडबा कापायच्या मशीनमध्ये हात गेला. घरात हे सगळ्यांना ठाऊक. पण बाची बोटं नाहीत आणि मी बोटं दुमडते, या दोन गोष्टी मी आयुष्यात कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. तुम्ही म्हणाल, बाई, मोबाईल नव्हता का? होता ना! व्हिडिओही पाहिले होते. पण त्या लोकांची बोटं अशी पळतात की कोण मोजायला जातंय. वाटायचं, ती सिनेमातली गिटार, आपली गिटार वेगळी. कुठंही गेलो तरी आमची गिटार आमच्यासोबत, आमचीच लावलेली. मग कळणार कसं?

मी काही न घेता दुकानातून उठले. हेमराज पायरीपर्यंत आला. म्हणाला, फोनमध्ये ट्यूनर टाकून घ्या, रोज थोडं थोडं करा, जमेल.

जीप विसरवाडीला बदलून खांडबाऱ्याच्या वर आमच्या पाड्यावर पोचेपर्यंत मी एकच गोष्ट मोजत होते. बानं किती जणांना शिकवलं. मग मी किती जणांना शिकवलं. हे दुसरं मोजायला लागले आणि मध्येच सोडून दिलं. कारण गेली चार वर्षं लहान पोरांना मीच शिकवतेय.

प्रार्थनाघराच्या ओसरीवर पोरं सरावाला बसली होती. गिटार एकच, म्हणून बानं लाकडाच्या फळकुटांवर तारा आणि गिटारच्या मानेवर असतात त्या आडव्या पट्ट्या कोरून दिल्यात, त्यावर बाकीची पोरं बोटं ठेवायचा सराव करतात. अकरा पोरं बसली होती. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि फक्त हात पाहिले. अकरा डावे हात. अकराही हातांची दोन बोटं दुमडलेली. एका सहा वर्षांच्या पोरानं तर करंगळी उघडू नये म्हणून तिच्यावर रबर चढवलं होतं.

"बोटं उघडा!" मी ओरडले.

पोरं दचकली. कुणी हललं नाही.

"ऐकू येत नाही? उघडा सगळी बोटं!"

आमच्यात रोशनी म्हणून एक नऊ वर्षांची पोरगी आहे, ती कुणाला घाबरत नाही. तिनं बोटं उघडली, त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पण ताई," ती म्हणाली, "मग गिटार वाजवायची कशानं?"

मी तिथून निघाले ती सरळ घरी. बा अंगणात बसून टोपली विणत होता, कामट्या पायानं दाबून धरलेल्या. घरी आम्ही मावची बोलतो, पण इथं मी मराठीतच सांगते.

"बा, सगळी दुनिया चार बोटांनी गिटार वाजवते."

बाचा हात थांबला. वर बघितलं नाही.

"तुला माहीत होतं?"

"होतं."

असं, एका शब्दात! मला वाटलं होतं तो म्हणेल नाही, काय सांगतेस काय. मी तयारी करून आले होते त्याला समजावून सांगायची. मी दारातच खाली बसले.

मग त्यानं सांगितलं. एकतीस वर्षांपूर्वी मंडळीत एक पाहुणा बंधू आला होता, लांबून दक्षिणेतून. दहा दिवस राहिला. त्यानं गिटार कशी धरायची ते दाखवलं, चार बोटांचे कॉर्ड दाखवले. बानं सगळं बघितलं, पण स्वतःचा डावा हात टॉवेलाखाली ठेवला. पाहुणा जाताना गिटार मंडळीला देऊन गेला. बानं महिनाभर खुंट्या पिळून पिळून पाहिल्या. दोन बोटांत काय बसतंय, कुठली तार उतरवली की कुठली गोड होते. एक दिवस नुसत्या मोकळ्या तारा छेडल्या आणि गाण्याचा सूर आपोआप निघाला. "त्या दिवशी मी रडलो होतो," बा म्हणाला.

"हे ठीक आहे, बा. पण मला का नाही सांगितलं? माझी तर सगळी बोटं आहेत!"

"सांगितलं होतं. तू पाच वर्षांची होतीस. गिटार मांडीवर घेतलीस आणि दोन बोटं दुमडलीस. मी म्हटलं, उघड. तू म्हणालीस, नाही, बासारखं. मी परत म्हटलं, उघड. तू रडायला लागलीस. मग तुझं बघून तुझ्या बरोबरीची पोरं दुमडायला लागली."

म्हणजे सुरुवात माझ्यापासूनच!

"मी परत सांगायला पाहिजे होतं," बा म्हणाला. आता त्यानं वर पाहिलं. "नाही सांगितलं. कारण मला बरं वाटलं, प्रिस्का. बाजारात, गाडीत, दवाखान्यात, सगळीकडं मी हा हात लपवायचो. आणि इथं दहा पोरं माझ्यासारखा हात करून बसायची. मला वाटायचं, माझाच हात बरोबर आहे."

मला इतका राग आला, इतका राग आला, की मी उठून घरात गेले आणि भांडी आपटली. आणि त्याच वेळी माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. दोन्ही खरं होतं. माझ्या नोकरीची चाचणी शनिवारी होती, आणि माझ्या बापानं स्वतःला बरं वाटावं म्हणून माझा हात अर्धा करून ठेवला होता.

त्याच संध्याकाळी मंडळीची गिटार मी घरी आणली आणि फोनवर बघून दुनियेसारखी लावली. तीन तारा वर चढवल्या. बा बघत होता. मग पाच दिवस मी पोल्ट्रीतून आले की बसायची. काय सांगू तुम्हाला! अनामिका ऐकायचीच नाही. मी तिला तिसऱ्या पट्टीवर पाठवायची, ती दुसरीवरच जाऊन बसायची. करंगळी तर परत परत तळहातात शिरायची, जणू तिला बाहेर काढलं ते पटलंच नाही. मऊ टोकांना फोड आले, फुटले. मी स्वतःच्या बोटांना शिव्या घातल्या. आई म्हणाली, अगं, कुणाशी भांडतेस?

बुधवारी आमच्या घरच्या प्रार्थनेला बानं सवयीनं गिटार उचलली. बोट आडवं ठेवलं, हात फिरवला, आणि तो आवाज! घरातली सगळी माणसं चमकली. बानं एकदा गिटारकडे पाहिलं, ती हळूच खुर्चीवर ठेवली आणि टाळ्या वाजवून गाणं म्हणायला लागला. मला वाईट वाटलं. तीन तारा उतरवायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. मी नाही उतरवल्या.

शनिवारी शाळेत आम्ही चार जण होतो. चाचणी घेणारे सर वयस्कर होते, शांत. शाळेचीच गिटार हातात दिली. मी तीन कॉर्डचं गाणं वाजवलं. प्रत्येक कॉर्ड बदलताना मध्ये थांबायला लागत होतं. सरांनी विचारलं, आणखी काही येतं? मी म्हटलं, येतं, पण तीन तारा उतरवाव्या लागतील. ते म्हणाले, उतरवा. मी उतरवल्या आणि वाजवलं, जीव ओतून वाजवलं. गाणं संपेपर्यंत सर हलले नाहीत.

"हे मी कुठं ऐकलं नाही," ते म्हणाले. "फार सुंदर आहे. पण मला एक सांगा. मुलांना तुम्ही यातलं कोणतं शिकवाल? हे शिकवलं तर ती बाहेर कुणाबरोबर वाजवू शकणार नाहीत. आणि ते पहिलं तुम्हाला अजून येत नाही."

यावर मी काय भांडणार? माणूस बरोबर बोलत होता. चार मुलांना शिकवून दाखवायची पाळी आलीच नाही, नोकरी नंदुरबारच्या एका मुलीला मिळाली. सर म्हणाले, ही जागा वर्षाची आहे, जूनमध्ये पुन्हा चाचणी घेऊ, तेव्हा या, नक्की या. मी मान हलवली आणि गेटपर्यंत न रडता आले.

गेटबाहेर बा उभा होता. कधी आला, कसा आला, काय माहीत. नवापूरला आला की असतो तसाच, डावा हात पँटच्या खिशात. माझं तोंड बघून त्याला कळलं.

"चल," तो म्हणाला, "गिटार घेऊन टाकू."

"आता कशाला?"

"जून आहे ना."

म्हणजे जूनच्या चाचणीचं त्यानं गेटवरच्या माणसाकडून काढून घेतलं होतं आधीच. मी त्याच्यावर ओरडणार होते, पण तो चालायलाही लागला होता. आम्ही चालत बाजारात आलो.

हेमराजनं मला पाहिलं आणि न विचारता दोन गिटारी काढल्या. ती खांद्याशी कापलेली लालसर, आणि दुसरी साधी, दोन्ही खांदे सारखे असलेली, पिवळट लाकडाची. मी म्हटलं, हे माझे वडील. यांनीच शिकवलं.

हेमराजनं एकदम हात जोडले. "काका, तुम्हनी ट्युनिंग पाच दिन मन्हा डोकामा फिरी ऱ्हायनी. कशी काढी तुम्ही?"

बा कसंनुसं हसला. माझ्याकडे पाहिलं. मग त्यानं खिशातून हात काढला आणि काउंटरवर ठेवला. नवापूरच्या बाजारात, भरदिवसा, माझ्या बापाचा तो हात मी पहिल्यांदा पाहिला.

हेमराजनं हात पाहिला. मग बाचा दुसरा हात पाहिला, उजवा, धडधाकट, पाचही बोटांचा. परत डावा पाहिला. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"काका," तो म्हणाला, "मंग तुम्ही गिटार उलटी काबरं नही धरी?"

"उलटी म्हणजे?" बानं विचारलं.

"डावखुरा लोकं धरतस तशी." त्यानं साधी गिटार उचलली, फिरवली, आणि मान उजवीकडे करून बाच्या मांडीवर ठेवली. "तारा उलट्या लावी दिधा का व्हयनं. उजवा हातनी बोटं दाबानं, डावा हातनी छेडानं. छेडाले दोन बोटं न् अंगठा बास शेत."

बाचा उजवा हात आपोआप गिटारच्या मानेभोवती गेला. चार बोटं तारांवर येऊन बसली. चारही! डावा हात भोकावर आला, अंगठा आणि दोन बोटं, आणि तारा छेडायला तेवढीच लागतात.

मी बघत राहिले. एकतीस वर्षं! नुसती फिरवायची होती. एवढीशी गोष्ट. कुठली तार उतरवायची नव्हती, कुणाचं बोट दुमडायचं नव्हतं, मला त्या शाळेतून मान खाली घालून यायचं नव्हतं.

"त्या पाहुण्यानं मान डावीकडं करून धरली होती," बा म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "मला वाटलं, धरायची तशीच असते. कुणी सांगितलं कसं नाही?"

सांगणार कोण? ज्याला ज्याला गिटार कळत होती, त्याच्यापुढं बाचा हात खिशात होता, नाहीतर टॉवेलाखाली. आणि आम्हाला, ज्यांना तो हात दिसत होता, गिटार त्यानंच शिकवलेली. हे मी मोठ्यानं बोलले की मनात, मला आठवत नाही. बा स्टुलावर बसला तो बसलाच. त्याचे ओठ हलत होते. मला वाटलं प्रार्थना करतोय, पण तो नावं घेत होता. शिकवलेल्या पोरांची, एकेक.

"अठ्ठावीस," तो शेवटी म्हणाला. "प्रिस्का, अठ्ठावीस पोरं."

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. आठवडाभर साठवून ठेवलं होतं सगळं. पण समोर बसलेल्या माणसाला माझ्यापेक्षा मोठा दणका बसला होता, आणि त्याला आणखी मारायला माझ्याकडे काही नव्हतं. मीही बसले, काउंटरला टेकून, खाली फरशीवरच. हेमराज बिचारा घाबरला. त्यानं दोघांना पाणी दिलं.

मग हेमराजनं हळूच विचारलं, "ताई, कोनती देऊ?"

मी त्या लालसर गिटारकडे पाहिलं. तिचा एकच खांदा कापलेला, म्हणजे ती एकाच बाजूनं धरता येणार. उलटी केली की तो काप वर येणार, बिनकामाचा.

"ती साधी," मी म्हटलं. "आणि तारा उलट्या लावा."

बानं मान वर केली. "येडी झालीस? नोकरी तुझी आहे. पैसे तुझे आहेत."

"मला मंडळीची आहे ना. ती आता सरळ लावलीय, आणि ती मी परत उतरवणार नाही, हे ध्यानात ठेव. जूनपर्यंत मी त्या गिटारवर शिकणार, तू या गिटारवर शिकणार. मग पोरांना दोघं मिळून सांगू. एकट्यानं सांगायची माझी हिंमत नाही."

"या वयात?"

"मग काय पुढच्या जन्मी शिकणार?" माझा आवाज चढलाच. "एकतीस वर्षं तू आम्हाला शिकवलंस ना? आता गप बस आणि शीक."

हेमराजनं तारा काढल्या, वरची खाचांची पट्टी बदलली, तारा दुसऱ्या बाजूनं चढवल्या. अर्धा तास लागला. तेवढा वेळ बा नुसता उजव्या हाताची बोटं उघडत मिटत राहिला. मग गिटार त्याच्या मांडीवर आली. हेमराजनं पहिल्या कॉर्डच्या जागा दाखवल्या. बानं दोन बोटं ठेवली, तिसरं ठेवलं, आणि तार छेडली. थड्! नुसता लाकडाचा आवाज.

"दाबून धर," मी म्हटलं.

त्यानं दाबलं आणि हात झटकन मागं घेतला. बोटांच्या टोकांकडे बघत राहिला. त्याच्या उजव्या हाताला कोयत्याचे, कामट्यांचे घट्टे होते तळव्यात, पण टोकं मऊ होती.

"हे दुखतंय गं," माझा बा म्हणाला. लहान पोरानं सांगावं तसं, खरोखर आश्चर्यानं. आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी उठले, त्याच्यासमोर बसले आणि त्याचं मनगट धरून हात परत मानेवर नेला. तीन बोटं जागेवर बसली. करंगळी मात्र तळहातात दुमडून गेली होती. ती तुटलेली नव्हती, तिला काही झालेलं नव्हतं. तरी गेली होती.

"बा," मी म्हटलं, "उघड."

त्यानं खाली पाहिलं. उघडायला त्याला वेळ लागला. मी थांबले.